आधी मिशा बघा

आमच्या शेजारचे सिद्रामअप्पा डास मारण्याआधी त्याच्या मिशा बघतात. परवा मी बॅट उगारली, तर हात आडवा घालून म्हणाले, "थांबा की वैनी! झुपकेदार मिशा हायत, गडी हाय. गडी चावत न्हाय, फुलातला रस पितो." तेवढ्यात माझ्या पायाला कुणीतरी कडकडून चावलं. अप्पांनी वाकून पाहिलं. "ही बाई व्हती. अंडी घालायला रगत लागतं तिला. तिलाबी पोट हाय की."

एमआयडीसीत टॉवेल विणण्यात त्यांचं आयुष्य गेलं. आता मोबाइलवर डासांचे व्हिडिओ बघतात आणि गल्लीला शहाणं करतात. आमच्याकडे नळाला रोज पाणी नाही, घरोघरी पिंपं भरलेली, त्यामुळे डासांना तोटा नाही. "अळ्या पाण्यातली घाण खात्यात, माशे अळ्यास्नी खात्यात. उडालं की चतुर, वटवाघळं, पाली. डास संपलं तर येवढ्यांच्या ताटात काय वाढनार?"

"माझं रक्त वाढू नका म्हणजे झालं," मी म्हणायची.

गेल्या आठवड्यात धुराची गाडी आली. मला तर सण झाला. अप्पा मात्र गाडीपुढे उभे राहून "माझं घर तेवढं सोडा" म्हणून हात जोडत होते. धूर कुठला ऐकतोय!

त्यानंतर अप्पा गप्पच झाले. न राहवून मी आमटीची वाटी घेऊन संध्याकाळी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. वर्षापूर्वी गेलेल्या त्यांच्या बायकोच्या फोटोवर बल्ब लावून अप्पा समोर बसले होते.

"आज भाकरी गोल झाली बघ," ते फोटोला म्हणाले आणि कान देऊन थांबले. मग मला पाहून ओशाळले.

"फोटोमागं पाल ऱ्हाती. दिव्याला डास जमत्यात, ती खाती. मी काय बोललो की चुकचुकायची. वाटायचं, ही व्हय म्हनती. मी आपलं शिव शिव म्हनायचो." त्यांनी फोटोमागे डोकावून पाहिलं. "धूर झाल्यापास्नं गप हाय. घरात उत्तर देनारं तेवढंच व्हतं की, वैनी."

धुराच्या दिवशी त्यांनी घट्ट लावलेली खिडकीची जाळी अजून बंदच होती. मी उठून ती सताड उघडली आणि त्यांच्याशेजारी बसले. दोघंही फोटोकडे बघत होतो.

थोड्या वेळाने एक डास आत आला आणि माझ्या दंडावर बसला. मी मिशा बघितल्या नाहीत. बसू दिलं.