पाऊण फेरीचा चढ

मिथुनच्या सायकलीचा निकाल त्या रविवारी लागणार होता. डहाणूच्या सपाट किनाऱ्यावर राहून या गृहस्थाने गिअरची डोंगरी सायकल घेतली होती. बायकोला कारणही झकास दिलं होतं, "तुझे विकायचे सुके बोंबील डोंगरातल्या पाड्यावर मी पोचवीन." प्रत्यक्षात चढ आला की मिथुन उतरून सायकल ढकलायचा आणि क्रांती मागून दोघांनाही ढकलायची.

"आज पाय न टेकता वर चढलात तर सायकल राहील," विवळवेढ्याला देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी, चहाच्या टपरीवर क्रांतीने बजावलं. "टेकलात, की ती विकायची आणि स्कूटर घ्यायची."

या सायकलीवर मिथुनचा मासेमारीच्या होडीपेक्षा जास्त जीव होता. नेमका तेव्हाच त्याचा बोर्डीचा दोस्त जिग्नेश, चिकूची वाडी सोडून, आपली जुनी सायकल घेऊन हजर झाला.

"माझी घेऊन जा ना भाई. माझा गिअर हलका आहे."

"हट! माझी मागची दातेरी चकरी बघ, ताटाएवढी आहे."

"पण पुढची? माझी वाटीएवढी छोटी. पुढे छोटी, मागे मोठी, तर चढ हलका. दोन्हीचा हिशोब बघायला लागतो."

"मग दाते मोजू!" मिथुन म्हणाला. क्रांतीने कपाळावर हात मारला, पण तीही वाकून बघू लागली.

गोल चकरीवर मोजणी कुठून सुरू केली हेच दोघांना आठवेना. शेवटी क्रांतीने देवीसाठी आणलेल्या कुंकवातून जिग्नेशने चिमूटभर घेऊन एका दात्याला लावलं. इथे घोटाळा झाला. दर्शनाला निघालेल्या बायकांनी कुंकू लावलेली सायकल आणि तिच्यापुढे उकिडवे बसलेले दोन पुरुष पाहिले. नवीन गाडीची पूजा चालली आहे, असंच त्यांना वाटलं. एकीने हँडलला फूल खोचलं. दुसरीने "कधी घेतली?" विचारत चाकापुढे नारळ फोडलासुद्धा. पाणी उडालं, कुंकू धुऊन गेलं, मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

खोबरं खातखात अखेर हिशोब लागला. मिथुनची पुढे बत्तीस, मागे बेचाळीस, म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाक जेमतेम पाऊण फेरी फिरणार. जिग्नेशची बावीस आणि चौतीस, म्हणजे त्याहूनही कमी.

"तुझीच हलकी!" मिथुन आनंदाने ओरडला. "आता बघ, भुर्रकन वर जातो."

"कोणतीही घ्या," क्रांती म्हणाली. "पाय टेकायचा नाही."

जिग्नेशच्या सायकलीला मागे बोंबलांचा भारा बांधून मिथुनने चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला. पाय खरोखर हलके झाले. इतके हलके, की ते शिवणयंत्रासारखे धावू लागले आणि सायकल मात्र मुंगीच्या पावलाने सरकू लागली. क्रांती सहज चालत त्याच्या बरोबरीला आली. त्यात मागच्या बोंबलांच्या भाऱ्याने पुढचं चाक हवेत उचललं.

"अगो, माझे बोंबील मातीत जातील!" क्रांतीने भारा ओढून डोक्यावर घेतला आणि ती पुढे निघून गेली. हिच्याच डोक्यावरचं ओझं उतरवायला आपण सायकल घेतली होती, हे मिथुनला आठवलं आणि फार वाईट वाटलं. पण पाय थांबवले असते तर तो आडवा झाला असता.

वरून पाड्यावरच्या सोमीआजीने हाक दिली, "क्रांती, तुझा नवरा तठं काय दळतंय?"

बघता बघता अख्खा पाडा चढाच्या टोकाशी जमला. एवढे पाय मारून माणूस जागचा हलत कसा नाही, याचं सगळ्यांना नवल. मिथुन घामाने निथळत, धापा टाकत एकदाचा वर पोचला.

"नाही टेकला! पाय नाही टेकला!"

क्रांती शांतपणे रिकामा कपडा घडी करत होती. जमलेल्या गर्दीत सगळे बोंबील विकून संपले होते.

"सायकल राहू दे," ती म्हणाली.

मिथुनचा ऊर भरून आला. क्रांती मागून चालत आलेल्या जिग्नेशकडे वळली, तिच्या डोळ्यांत नवीनच कुतूहल होतं.

"भाऊ, याहून हलका गिअर मिळतो का?"

"मिळतो ना, भाभी. पण अजून स्लो जाणार."

"तोच बसवा यांच्या सायकलीला. दारोदार फिरायचे माझे पाय वाचले. हे अजून हळू चढले, तर ताजी मच्छीपण इथंच खपेल."