पन्नासावा प्रेक्षक

भागूआप्पांचा अर्ज लिहायला घेणं म्हणजे आपणहून पायावर धोंडा पाडून घेणं. 'उपस्थित प्रेक्षक' या रकान्यात त्यांनी एकदा मला लिहायला लावलं, 'त्रेचाळीस. शिवाय दोघे होते, पण झोपलेले. ते धरले नाहीत.'

आप्पा आमच्या गावच्या गजी नाचाचे म्होरके. ढोलाच्या ठेक्यावर रुमाल उडवत फेर धरणाऱ्या धनगरांच्या पथकात, सत्तरीतही सर्वांत पुढं. मी गावातल्याच शाळेत मास्तर. अक्षर बरं, म्हणून पथकाची सगळी लिखापढी माझ्या गळ्यात. पुण्यातली एक संस्था ग्रामीण कलापथकांना अनुदान द्यायची. अट एकच, कार्यक्रमाला निदान पन्नास प्रेक्षक हवेत, त्यांच्या सह्यांसकट. शेजारच्या गावानं भजनाला पाचशे प्रेक्षक दाखवले, सगळ्या सह्या एकाच हाताच्या, आणि त्यांना नवा पखवाज मिळाला. आमचे दोन्ही ढोल ठिगळं लावून वाजत होते.

"आप्पा, सात माणसं वाढवा की."

"कुठनं आनू? हाय ते हाय, न्हाई ते न्हाई."

माणसं मोजायचा त्यांना नादच होता. लग्नात वरबापाला तोंडावर सांगायचे, "पंगतीला दोनशे बारा. त्यातली नऊ दुसऱ्यांदा बसली." नाचतानासुद्धा गिरकी घेता घेता मोजायचे. अर्ज दोनदा परत आला. दोन्ही वेळा शिरूरच्या स्टँडवर मी त्यांच्यावर भडकलो, आणि दोन्ही वेळा त्यांनी मला गरम भजी खाऊ घालून वर पुन्हा तेच ऐकवलं. अशा माणसाशी धड भांडताही येत नाही.

तिसऱ्या वर्षी मात्र निकराची वेळ आली. पथकातली निम्मी मंडळी रांजणगावच्या कंपन्यांत लागली होती. ढोल नव्यानं मढवले नाहीत तर शिफ्ट बुडवून पुढच्या वर्षी येणार नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. म्हणजे पथकच बंद. बिरोबाच्या देवळापुढं कार्यक्रम ठरला. मी घरोघर हिंडून माणसं आणली, नाच संपल्यावर वाटेत उभं राहून सह्या घेतल्या. भरले एकोणपन्नास. मी कपाळावर हात मारला. पन्नासावी सही माझीच ठोकायला निघालो, तर आप्पा म्हणाले, "तुम्ही पथकातलं. तुम्ही कसं चालाल?"

मग कागदावरून बोट फिरवत स्वतःच म्हणाले, "पन्नास लिवा."

म्हातारा अखेर शहाणा झाला, असं वाटून मी पेन उघडलं. "पन्नासावा कोण?"

"सखाराम."

सखारामनाना आप्पांचे धाकटे भाऊ, एकेकाळचे याच पथकाचे ढोलवाले. शेताच्या बांधावरून दोघांचं बिनसलं, त्याला बारा वर्षं झाली होती. तेव्हापासून शब्द नाही, आणि नानांनी ढोलही सोडला. नानांचं घर देवळाच्या समोरच. कार्यक्रमभर ते ओट्यावर मुद्दाम पाठ फिरवून बसले होते, हे सगळ्या गावानं पाहिलं होतं.

"आप्पा, झोपलेला चालत नाही आणि पाठ फिरवलेला चालतो?" माझा पारा चढला होता.

"पाय हालत हुता त्याचा, गुरुजी. ठेक्यावर. मी बघत हुतो न्हवं." आप्पा माझ्याकडे न बघता रुमालाची घडी घालत राहिले. "सही तेवढी तुम्ही आना. मी मागितली तर द्यायचा न्हाई."

मी चरफडत गेलो. नानांनी कागद घेतला, वरची एकोणपन्नास नावं सावकाश वाचली आणि काही न विचारता खाली सही केली. कागद परत देताना म्हणाले, "त्याला सांगा, तिसऱ्या फेरीला डावा ढोल मागं पडत हुता."

हे ऐकून आप्पा खवळणार आणि अर्ज पुन्हा बोंबलणार, अशी माझी खात्री होती. तरी जसंच्या तसं सांगितलं. आप्पांचे डोळे भरून आले. तीन वर्षं या माणसावर चिडत आलो, त्याची मला लाज वाटली.

"खरं हाय," ते म्हणाले. "बारा वर्सं पडतोय."