चौदावी मेणबत्ती

व्हिएन्नात व्हायोलिनवर पोट भरायचं तर मोझार्ट आणि स्ट्राउस आले की झालं, असं मी छातीठोकपणे सांगत असे. बावीस वर्षं डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप चढवून मी पर्यटकांना तेच दोघे वाढले. हायडन? तो ताटातल्या मिठासारखा! असतो कुठेतरी, त्याची मुद्दाम चव कोण घेतं?

मग टोपवाल्या कंपनीने मला नारळ दिला. वय छप्पन्न, दुसरं काही येत नाही. नेमका तेव्हाच आमच्या चर्चच्या चौदा जणांच्या वाद्यवृंदात दुसऱ्या व्हायोलिनच्या प्रमुखाने हात मोडून घेतला. संचालक प्रोफेसर हावलिचेक म्हणाले, मृतात्म्यांच्या दिवशी हायडनची एक सिंफनी आहे, जमलं तर जागा कायमची तुमची. बुधवारी तालमीला या.

"तालीम कशाला, प्रोफेसर?" मी म्हणालो. "हायडन मी झोपेतही वाजवीन."

दोन नोव्हेंबरला पाचलाच काळोख झाला. दिवसभर कबरींवर दिवे लावून आलेली माणसं बाकांवर मुकाट बसली होती. चर्चमधले दिवे मालवले आणि प्रत्येक वादकापुढे एकेक मेणबत्ती उरली. आमची हेर्मिने मावशी सांगायची, या दिवशी ज्याची मेणबत्ती विझते तो वर्ष काढत नाही. घरी आम्ही तिला हसायचो. तिथे हसू येईना.

पहिले तीन भाग झकास गेले. चौथा धावत सुटला आणि मध्येच एकदम संथ झाला. हॉर्न वाजवणाऱ्या जाडजूड बेकरीवाल्याने आपली मेणबत्ती फुंकली, उठला आणि काळोखात गेला. मला वाटलं, पोटात कळ आली असेल. लगेच ओबोवाली मुलगी गेली. मग आणखी एक, मग आणखी एक. कुणी मान वर करून बघेना. माझ्या कागदावर फक्त माझे सूर होते, त्यात माणसं नाहीशी होण्याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं.

चेलो वाजवणाऱ्या बाई जाताना माझ्याकडे बघून निरोपाची मान हलवून गेल्या. थोड्या वेळाने खुद्द प्रोफेसरांनीही छडी ठेवली आणि निघून गेले. उरलो मी आणि पहिल्या व्हायोलिनवरच्या ऐंशी वर्षांच्या ओडिलियाबाई.

"ओडिलियाबाई, हे सगळे गेले कुठे?" मी पुटपुटलो.

"आपल्यालाही जायचंच आहे," गज न थांबवता त्या म्हणाल्या.

शेवटचा सूर विरला. त्यांनी आपली मेणबत्ती फुंकली, माझ्या खांद्यावर बर्फासारखा गार हात ठेवला आणि त्याही गेल्या. आता चर्चभर एकच ज्योत होती, माझी. तिच्याभोवती मी दोन्ही हात धरले. समोर तीनशे माणसं, पण टाळी नाही की खोकला नाही, नुसते डोळे चमकत होते. मिनिट गेलं, तीन गेली. कुठून तरी वारा आला आणि ज्योत वाकली.

"मी नाही येणार!" मी ओरडलो. "मला अजून जगायचंय!"

काळोखात कुणीतरी हुंदका दिला. आणि त्याच क्षणी, देवाशपथ, मला शिंक आली.

ज्योत विझली. क्षणभर मी मेलोच. मग टाळ्यांनी छप्पर हाललं, दिवे लागले, आणि दारात तेराही जण धडधाकट उभे! शेवटची मेणबत्ती विझेपर्यंत टाळी वाजवायची नाही, अशी तिथली रीत होती.

प्रोफेसरांचे डोळे ओले होते. "मालक सरदार वादकांना घरी जायला रजा देईना, म्हणून हायडनने या सिंफनीत त्यांना वाजवता वाजवता एकेक करून उठवलं, हे इथं शेंबडं पोरही जाणतं," ते म्हणाले. "पण आजच्या दिवशी शेवटच्याने जायलाच नकार द्यावा, हे कुणाला सुचलं नव्हतं. किती वर्षांचा अभ्यास?"

"आयुष्यभराचा," मी म्हणालो.

जागा मिळाली, आणि जागेबरोबर हायडनवर एक जाहीर व्याख्यानही. त्या दिवसापासून मी रोज त्याला ऐकतोय. खरं सांगतो, इतका लोभस माणूस मी बावीस वर्षं ओलांडून गेलो, याची मला लाज वाटते. त्याच्या सिंफन्या एकशे चार आहेत. मी नवव्या सिंफनीपर्यंत आलोय आणि व्याख्यान परवा आहे.