कडू घासातला पुदिना

कोंडाजी आण्णांना प्रवरेच्या काठावर अग्नी देऊन माणसं परतायला लागली, तेव्हा शेजारच्या घरात पंकजा बेसनाचा रिकामा डबा हातात धरून उभी होती.

डबा रिकामा असणं हा एरवी काही गुन्हा नव्हे. त्या दिवशी होता. सुतकाच्या घरात चूल पेटवायची नाही आणि पहिला कडू घास लागूनच्या घरानं न्यायचा, अशी कोल्हारजवळच्या त्या वस्तीवरची रीत. कडू घास म्हणजे भाकरी आणि बिनफोडणीचं पिठलं. त्याला तेल नाही, हळद नाही, आणि चव तर नाहीच नाही. रडून दमलेल्या माणसानं दोन घास पोटात ढकलावेत आणि ढकलताना त्याला काही म्हणजे काही आवडू नये, एवढीच त्या स्वयंपाकाची अट. बिघडायला जागाच नाही असा स्वयंपाक पंकजाच्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता, आणि नेमकं बेसन संपलं होतं.

सासूला विचारावं तर ती लेकीच्या बाळंतपणाला संगमनेरला गेलेली. दुकानातून आणावं, तर वस्तीवरचं एकुलतं एक दुकान आण्णांच्या पुतण्याचं, आणि पुतण्या खांदेकरी. नवरा नदीवरून येऊन मोरीत अंघोळीला बसला होता.

"अवो, बेसन न्हाई," पंकजा दाराशी जाऊन म्हणाली.

"मग जे हाय ते कर की. मानूस गेलंय, चव बघाया कोन बसलंय?"

जे होतं ते ओसरीवरच होतं. वाटाण्याची दोन पोती. सकाळी बाजाराला जायची होती, पण पिकअप सरणाची लाकडं वाहायला गेली आणि पोती तशीच राहिली. पंकजानं एक पोतं सोडलं, सूप भरून शेंगा सोलल्या आणि पातेल्यात पेलाभर पाणी, मीठ घालून दाणे शिजायला टाकले. कोवळे दाणे, सात मिनिटांत मऊ झाले. मग त्या हिरव्यागार, ओक्याबोक्या पातेल्याकडे बघून तिचा जीव थोडासा हळहळला. तेल नको, हळद नको, हे तिला माहीत होतं. बाकी कशाबद्दल कुणी काही सांगितलेलं नव्हतं. तिनं परसात जाऊन मूठभर पुदिना खुडला, कोथिंबीर आणि लसणाची कोवळी पात घेतली, दोन मिरच्यांबरोबर सगळं पाट्यावर ओबडधोबड ठेचलं आणि पातेलं उतरवून त्यात कालवलं. झाकण ठेवलं. वास झाकणाला जुमानेना, पण तिकडे लक्ष द्यायला तिला वेळ नव्हता. भाकऱ्या भाजून, पातेलं हातात आणि भाकरी पदराखाली धरून ती निघाली.

आण्णांच्या घरात बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मधोमध मुक्ताबाई, आण्णांची बायको, गुडघ्यात मान घालून. पहाटेपासून तिनं पाण्याचा थेंब घेतला नव्हता. तिच्या शेजारी आण्णांची बहीण बायडाबाई. अकोले तालुक्यातून माणसांची जीप भरून ती आली होती आणि आल्यापासून रडण्याचा सगळा कारभार तिच्याकडे होता. नवीन माणूस दारात आलं की ती हंबरडा फोडायची, ते माणूस टेकलं की पदरानं डोळे पुसून, जीपवाल्यानं चहा घेतला का, ते विचारायची. बाई मनानं वाईट नव्हती. पण दुःख नीट, रीतसर व्हावं, असा तिचा आग्रह होता.

पहिला घास जिचा नवरा गेला तिला. पंकजानं मुक्ताबाईपुढं ताट ठेवलं. आता इथं ठरलेला संवाद असतो. तिनं ताट सरकवायचं, बायकांनी पुढं करायचं, तिनं पुन्हा सरकवायचं, मग कुणीतरी, "जानारा गेला बाई, मागच्यांनी जगाया पायजे," असं म्हणत बळंच घास भरवायचा. ते वाक्य म्हणायला बायडाबाई सरसावून बसली होती.

मुक्ताबाईनं ताट सरकवलं नाही. भाकरी मोडली, वाटाणा उचलला आणि तोंडात घातला.

"जानारा गे..." एवढं बोलून बायडाबाई थांबली. कारण दुसरा घास गेला होता. मग तिसरा. मान खाली घालून, एका लयीत मुक्ताबाई जेवत होती. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक भाकरी संपली. मुक्ताबाईनं ताटाची कड बोटानं पुसली, बोट चाटलं आणि वर बघून म्हणाली,

"पंकजा, अजून हाय का गं?"

भिंतीला टेकलेल्या सगळ्या बायका एकदम ताठ बसल्या. पंकजाला काय करावं सुचेना. नाही म्हणावं तर शोकातल्या बाईला उपाशी ठेवलं, वाढावं तर हे असं. तिनं वाढलं.

"वहिनी!" बायडाबाईचा आवाज चढला. "माझ्या भावाची राख इझली न्हाई अजून, आन् तुमी दुसऱ्यांदा मागून खाताय?"

मुक्ताबाईच्या तोंडात घास होता.

"आन् तू गं?" बायडाबाई पंकजाकडे वळली. "ह्ये काय आनलंस? वास बघा बायांनो! पुदिना! कडू घासात कुनी पुदिना घालतं व्हय? बारसं हाय का हितं?"

"बेसन नव्हतं, आत्या. फोडनी न्हाई दिली मी. तेलाचा थेंब न्हाई."

"बिनतेलाचं आसं लागतंय?"

"तुमी कुठं खाल्लंय?" कोपऱ्यातून कुणीतरी अगदी हळू म्हणालं. हेच नडलं. आरोप करायचा तर पुरावा हवा. बायडाबाईनं पळीभर वाटाणा हातावर घेतला, तोंडात टाकला, डोळे मिटले. सगळ्या बायका तिच्या जबड्याकडे बघत राहिल्या.

"फोडनी हाय," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "मला तरी वाटती. थांब, परत बघते."

दुसऱ्या पळीनंही खात्री पटेना. आण्णांच्या एका चुलतसुनेनं चाखलं, ती म्हणाली फोडणी नाही. तिच्या जावेनं चाखलं, ती म्हणाली, तेल नसेल पण लसूण परतलेला आहे. मतं निम्मी निम्मी पडली, तेव्हा ओसरीवरून गोरक्ष मास्तरांना हाक गेली. ते निवृत्त शिक्षक, विज्ञान शिकवलेले, भावकीतले वडीलधारे. त्यांनी चष्मा पुसला, चार दाणे वर्तमानपत्रावर चुरडले आणि कागद उजेडात धरला.

"तेलाचा डाग न्हाई," ते म्हणाले. "पन कागदावर पुरतं कळत न्हाई. नुसत्या दान्यावरबी न्याय हुनार न्हाई. भाकरीसंगं बघाया लागंल."

त्यांना भाकरी दिली. त्यांनी न्यायाला अर्धी भाकरी लावली. ओसरीवरच्या इतर पुरुषांनाही मग आपलं मत नोंदवावंसं वाटू लागलं. पहाटेपासून तेही उपाशीच होते. एकेक जण आत येऊन, गंभीर चेहऱ्यानं, आण्णांच्या फोटोला हात जोडून पळीभर चाखून जाऊ लागला. ज्ञानेश्वर, म्हणजे आण्णांचा मुलगा, ज्यानं दोन तासांपूर्वी बापाला अग्नी दिला होता, तोही येऊन गेला. दोनदा. पातेलं बुडाला आलं, तेव्हा निकाल असा होता की फोडणी नाही, हळद नाही, रीत मोडलेली नाही. ते जेवण चांगलं झालं होतं, हे मात्र कुणीच बोललं नाही. तशी कुणाची छाती नव्हती.

त्यामुळं बायडाबाईची अडचण वाढली. वाटाणा निर्दोष सुटला, म्हणजे दोष उरला तो खाणारीचा.

"म्हंजी घास कडूच हुता," ती म्हणाली. "तरी ही बाई दोन भाकरी खाऊन बसली. काय समजायचं आमी? माझा भाऊ गेल्याचा हिला आनंद झालाय!"

आता कुणालाच हसू येईना. असं वाक्य एकदा तोंडातून गेलं की दहाव्यापर्यंत सगळ्या पाहुण्यांत पोचतं, आणि म्हातारपणाच्या उरलेल्या दिवसांत त्या बाईच्या मागं मागं फिरतं. आपल्या मूठभर पुदिन्यानं हे केलं, असं पंकजाला वाटलं आणि तिला रडूच यायला लागलं.

"भीमा!" बायडाबाईनं बाहेर जीपवाल्याला हाक मारली. "जीप फिरव. ह्या घरात मी पानी प्यायची न्हाई. दहाव्यालाबी येनार न्हाई."

ज्ञानेश्वर तिच्या पाया पडला. "आत्या, आसं करू नका. सख्खी भन दहाव्याला न्हाई म्हनल्यावर लोक काय म्हनतील? आई, तू तरी बोल. माफी माग आत्याची."

मुक्ताबाईनं ताटात हात धुतला. रिकाम्या मनगटावरून पदर ओढून घेतला. तिला बोलायची सवय नव्हती, त्यामुळं सुरुवात कुठून करावी हे तिला कळेना.

"वन्सं," ती म्हणाली, "चव कशी हुती, ते मला इचारू नका. मला न्हाई सांगता यायची. गरम हुतं."

"गरम हुतं म्हंजी?"

"गरम हुतं. बेचाळीस वर्सं झाली हितं येऊन. आधी ह्ये जेवायचे, मग पोरं, मग आलं-गेलं, मग गडी. माझ्यापतूर यायचं ते गारढोन, बुडाचं. ह्ये वाईट नव्हते, वन्सं. त्यांनी कधी हात उगारला न्हाई. फकस्त कधी इचारलं न्हाई. आज पयल्यांदा कुनी ताट आनून माझ्या म्होरं ठिवलं. वाफ निघत हुती त्यातनं. मला वाटलं, ह्ये आसतं व्हय. त्ये गेल्यावर माझं ताट आधी आलं. ह्याचं मला रडू येत हुतं, आन् हात थांबत नव्हता. तुमाला काय समजायचं त्ये समजा."

बायका आपापल्या हातांकडे बघत राहिल्या. मास्तरांनी चष्मा काढला आणि परत घातला. बायडाबाई पिशवी काखेत घेऊन उंबऱ्यात उभी होती, ना आत, ना बाहेर.

तेवढ्यात ओसरीवरून तिच्या नवऱ्याचा, रामहरींचा आवाज आला. त्यांना कानानं कमी ऐकू यायचं, त्यामुळं आत काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता. बायकोच्या काखेतली पिशवी तेवढी त्यांना दिसली होती.

"अगं, निघायचं तर निघू. पन त्या पातेल्यात काय आसंल तर आधी मला वाढ. लांब जायाचंय. तू काय, घरी गेल्यावर खाशील काहीबाही."

सगळ्या बायकांनी एकाच वेळी बायडाबाईकडे पाहिलं. बायडाबाई बराच वेळ नवऱ्याच्या दिशेनं बघत राहिली. मग तिनं पिशवी खाली ठेवली, आत आली आणि मुक्ताबाईच्या शेजारी मांडी घालून बसली.

"पंकजा, किती राहिलंय गं?"

"बुडाशी दोन पळ्या हायत, आत्या. गार झालंय."

"त्ये त्यांना दे," बायडाबाई म्हणाली. "माझ्यासाठी ताजं कर. आन् पुदिना नीट घाल, मघाशी कमी पडला हुता."

पंकजा पळत घरी गेली. तिनं शेंगा सोलल्या, दाणे शिजवले, पाट्यावर ठेचा केला, एक भाकरी टाकली आणि पंधरा मिनिटांत ताट झाकून आणलं. बायडाबाईपुढं ठेवलं. मुक्ताबाईनं ताटावरचं झाकण स्वतःच्या हातानं काढलं.

बायडाबाईनं पहिला घास घेतला आणि तिला रडू फुटलं. सकाळपासून ती रडतच होती, पण हे रडणं वेगळं होतं. त्याला आवाज नव्हता. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मुक्ताबाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला. भीमानं दारातून डोकं आत घातलं.

"मावशी, निघायचं ना?"

"गाडी बंद कर," बायडाबाई भाकरी मोडत म्हणाली. "जेवतीया मी."