दहाव्याचा किट्टू

आमच्या भाऊबंदांत कोणी गेलं की दहाव्याला टी. नरसीपूरच्या संगमावर सगळ्यांत आधी माझा चुलतभाऊ किट्टू हजर. मेलेला ओळखीचा असो नसो. पिंडाकडे पाठ, न्हाव्याकडे तोंड. वस्तरा फिरला की चष्मा पुसायचा आणि उघडं डोकं वाकून बघायचं, बाजारात नारळ बघतात तसं. कोणी रागावलं की म्हणायचा, “सुम्ने पाहतो रे.” सुम्ने म्हणजे उगीच. सत्तरीचा माणूस असं उगीच करतो होय? एकदा सरगूरला दहावा होता, तिथं तर वारलेल्याच्या मुलानं त्याला दंडाला धरून हाकललं. पुढच्या दहाव्याला हा परत तिथंच, न्हाव्याशेजारी.

मी चौथी नापास, पण भाऊ हसं करून घेतो एवढं मला कळत होतं. सांगून सांगून थकलो.

मग कारण कळलं. त्याची नात पद्मा, बारा वर्षांची. डोक्यावर रुपयाएवढे गुळगुळीत डाग, तिथं केसांचं मूळच उरलं नाही. डॉक्टर म्हणाले, क्वचित होतो हा आजार, रक्तातून येत असेल, नक्की सांगता येत नाही, घरात आणखी कोणाला आहे का बघा. पोरीनं शाळा सोडली. म्हणे, आपल्यात मीच एकटी अशी. तेव्हापासून हा दुसरं डोकं शोधत फिरतोय.

हे कळूनही मी गप्प राहिलो. का, ते सांगतो.

गेल्या महिन्यात माझे थोरले बंधू वारले. मला मुंडण करावं लागलं. चाळीस वर्षं चारचौघांत टोपी न काढलेला माणूस मी. डोक्याला मागे दोन डाग आहेत. विचारील त्याला सांगत आलो, तरुणपणी कामाला होतो त्या रंगाच्या भट्टीवर भाजलं. बायकोलाही तेच.

वस्तरा फिरला. किट्टू या वेळी वाकलाच नाही. लांबूनच म्हणाला, “अण्णा, भट्टीचं ना ते?”

“होय,” मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि नदीकडे तोंड करून बसला. चष्मा पुसला, पण लावला नाही.

सुतक फिटल्यावर मी अग्रहाराच्या आळीत त्याच्या घरी गेलो. पद्माला समोर बसवलं, टोपी काढली.

“तुझं आहे ना, तेच हे. भट्टीचं नाही.”

तिला खरं वाटेना. बोट लावलं. बराच वेळ फिरवत राहिली.

“अज्जा, दुखतं का?”

“नाही गं.”

मग तिनं डोक्यावरचा रुमाल सोडला.

किट्टू दारात उभा, रस्त्याकडे तोंड करून. रस्त्यावर कोणी नव्हतं. काय बघतोस रे, मी विचारलं.

“सुम्ने,” तो म्हणाला.