तापलेलं मोजायचं नसतं

नळदुर्गकर साहेब लोखंडाचा ताप बघायचे. थट्टा करत नाय. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही शेडात शिरले की मालकाला नमस्कार नाय, हालहवाल नाय, सरळ जॉबपाशी जायचे. यंत्रावर घडवलेल्या नगाला आमच्यात जॉब म्हणतात. आई लेकराच्या कपाळाला लावते तसा उलटा हात जॉबला लावायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "नाही मियाँ. तापलंय. चहा सांगा."

मग चहा यायचा. दारात ट्रक उभा असायचा, ड्रायव्हर हॉर्न मारायचा, मालक घड्याळ बघून ओठ चावायचा. साहेब आपले पेटी मांडीवर घेऊन लोखंडाशेजारी बसलेले. दवाखान्यात पेशंटच्या उशाला नातेवाईक बसतो तसे.

त्यांचा धंदाच फिरत्या मोजणीचा. दोन माणसांच्या कवेत येणार नाय असलं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, कडं उचलून मोजायच्या खोलीत कोण नेणार? म्हणून ती खोलीच पेटीत घालून कड्याकडं न्यायची. सागवानी पेटी, आत लाल मखमल, मखमलीत खाचा, खाचांत मायक्रोमीटर, व्हर्नियर ही बारीक मापाची हत्यारं आणि एक थर्मामीटर. ही पेटी लुनाच्या मागं बांधून साहेब सगळी वसाहत फिरायचे. वेग असा की कुत्रीसुद्धा मागं लागायची नायत. खड्ड्यात हिसका बसला तर उतरून पेटीला "माफ करा" म्हणायचे. मी माझ्या कानानं ऐकलंय.

बोलणं मराठी, पण आकडे उर्दूत. निजामाच्या राज्यात दुसरीपर्यंत उर्दू शाळेत होते. मग पोलिस ॲक्शन झाली, शाळा मराठी झाली, पण तोवर पाठ झालेले पाढे तसेच राहिले. शून्याला सिफर म्हणायचे. "सिफर पॉइंट सिफर सात, मियाँ" असं म्हणाले की समजायचं, जॉब गेला. आणि जगातला प्रत्येक माणूस त्यांना मियाँ. मी मियाँ, मालक मियाँ, लेबर इन्स्पेक्टर मियाँ. एकदा वेरूळला दर्शनाला गेलो तर पुजाऱ्यालासुद्धा मियाँ म्हणाले. पुजारी भला माणूस, त्यानं वर दोन पेढे जास्त दिले.

मी लक्ष्मण. फुलंब्रीकडचा, मेंढरंवाल्यांच्या घरचा. चौथी शिकलो, तीही रडत. कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो, पुढं मालकानं साहेबांच्या हाताखाली मोजायला दिलं. माझा बाप कळपावर एक नजर टाकून सांगायचा की एक मेंढरू कमी हाय, तसं मला नुसतं बघून माप कळायचं. हीच खोड साहेबांना आवडत नव्हती. "अंदाज घरी ठेवून या मियाँ. इथं चोरीला जाईल."

एकदा साहेब गावाला गेलेले. वर्षातून एकदा दोन दिवस जायचे, कशाला ते कधी सांगितलं नाय, आणि आम्हीही विचारलं नाय. एकटा माणूस, लग्नाच्या भानगडीत पडला नाय, असं सगळे धरून चाललेले. त्या दोन दिवसांत मी घाण केली. साखर कारखान्याचं एक कडं यंत्रावरून उतरल्या उतरल्या मोजलं आणि पास केलं. माप बरोबर होतं. पण तापलेलं लोखंड फुगतं. सकाळी कडं निवलं, आकसलं, आणि बेअरिंग काय आत जाईना. ज्या मोठ्या कंपनीकडं आमचा माल जायचा, तिचा माणूस आला. मोजलं कुणी? मी पुढं झालो. शिक्षण? चौथी. तो हसला नाय. हसला असता तर बरं झालं असतं. आठ दिवसांत कागद आला की इथून पुढं मापावर प्रमाणपत्र असलेल्या माणसाचीच सही पाहिजे.

प्रमाणपत्र मिळायचं पुण्याला. त्याला दहावी लागायची, आणि तेही खोलीत बसून मोजणाऱ्यांचं. पेटी घेऊन फिरणाऱ्यांचं प्रमाणपत्र कुठंच नव्हतं. मालकानं सरळ सांगितलं, "लक्ष्मण, दिवाळीपर्यंत कागद आण. नाय तर परत लोखंडाचा कीस झाडायला लाग." घरी बायको गया आणि दोन लेकरं. मला त्या रात्री जेवण गेलं नाय.

साहेब परत आले, सगळं ऐकलं. मला वाटलं आता शिव्या बसणार. ते त्या कड्यापाशी गेले, उलटा हात लावला आणि म्हणाले, "याला कुणी विचारलंच नाही." आणि त्या दिवसापासून प्रमाणपत्राची परीक्षा काढायला बसले. स्वतःच.

छोट्या कारखानदारांच्या संघटनेला त्यांनी तयार केलं. मोठी कंपनीही कबूल झाली, कारण साहेबांच्या मापावर तिला इतक्या वर्षांत कधी बोट ठेवता आलं नव्हतं. मग साहेबांनी अभ्यासक्रम लिहिला. पहिला धडा, हात धुणे. दुसरा धडा, हात पुसणे. मी म्हणालो, साहेब, हा एकच धडा झाला. म्हणाले, "धुतात सगळे मियाँ, पुसत कोणी नाही." तिसरा धडा, उभं कसं राहायचं. चौथा धडा मला आजही पाठ हाय, कारण तो एकाच ओळीचा होता. ‘माहीत नसल्यास माहीत नाही असे लिहावे. याला पूर्ण गुण आहेत.’ संघटनेचा अध्यक्ष म्हणाला, असं असेल तर सगळेच पास होतील. साहेब म्हणाले, बघा कितीजण लिहितात ते.

वर्ग दर रविवारी आमच्या मुकुंदवाडीच्या घरात, पत्र्याच्या छपराखाली. सातजण यायचे. एक डिप्लोमावाला होता, बाकी माझ्यासारखे. माझं वाचन कच्चं म्हणून गया चुलीपाशी बसून साहेबांच्या नोट्स मोठ्यानं वाचायची. ती सातवी शिकलेली. भाकरी थापता थापता तिला मायक्रोमीटरचे सगळे भाग पाठ झाले, मला झाले नाय.

वर्ग संपला की साहेब जेवायला. भाकरी ताटात पडली की पहिलं व्हर्नियर काढायचे. "वहिनी, मधे साडेतीन मिलीमीटर, कडेला सव्वातीन. दुरुस्त." दुरुस्त म्हणजे त्यांच्या उर्दूत बरोबर. गया म्हणायची, भाऊजी, खायची का तपासायची? मग ते पुढची मोजायचे, तीही तेवढीच. सात भाकरी मोजल्या, सातही सारख्या. माझ्याकडं बघून म्हणाले, "हात असा पाहिजे मियाँ." सगळ्यांसमोर. आणि एवढं करून ती भाकरी निवेपर्यंत खायचे नाय. गयाचा जीव खालीवर. बाईमाणसानं तव्यावरची गरम वाढावी आणि पाहुण्यानं तिला थंड होऊ द्यावं, यापेक्षा मोठा अपमान तिच्या लेखी नव्हता. "भाऊजी, एकदा तरी गरम खा." ते म्हणायचे, खाईन वहिनी, खाईन. कधी खाल्ली नाय.

पहिली परीक्षा उन्हाळ्यात झाली. शेडात बिडाचं कडं ठेवलेलं, वर ओलं पोतं. मी पोतं काढलं, हात धुतले, पुसले, नीट उभा राहिलो, मोजलं, लिहिलं. साहेबांनी कागद बघितला. "माप बरोबर. नापास." कडं सकाळपासून उन्हात होतं, पोतं आत्ता टाकलेलं. सातचे सात नापास. डिप्लोमावाल्यानं तर पॉइंटच्या पुढं तीन आकडे जास्त लिहिले होते. अध्यक्ष चिडला, ही परीक्षा हाय का सूड? साहेब म्हणाले, "मी कोण नापास करणारा? लोखंड करतं."

दुसरी परीक्षा पावसाळ्यात. आता मी शहाणा. आधी कड्याला उलटा हात लावला. गार. मनात म्हणालो, आता कसं फसवता. मोजलं. नापास. कडं गार होतं, पण मायक्रोमीटर मुद्दाम कॉम्प्रेसरवर ठेवून कोमट केलेलं.

त्या दिवशी गया तावातावानं शेडात गेली. मी मागं मागं. सगळ्यांसमोर तिनं साहेबांना विचारलं, "भाऊजी, माझ्या माणसाला नापास करताय का माझी चूल?" शेडातली यंत्रं चालू होती, पण माणसं थांबली. साहेब उभे राहून ऐकत होते. तिचं सगळं झाल्यावर म्हणाले, "वहिनी, आता काय चुकेल ते मला माहीत आहे. पण मी सांगितलं तर ते माझं राहील, त्याचं होणार नाही." गयानं पदर खोचला आणि परत आली. वाटेत मला म्हणाली, माणूस वाईट नाय, नुसता हळू हाय. पुढच्या रविवारी त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या. थंड करून.

तिसरी परीक्षा दसऱ्यानंतर. मालक दारातच उभा, दिवाळी तोंडावर. मी सायकल दामटत आलो, ऊन चटके देत होतं. कड्याला हात लावला, गार. मायक्रोमीटरला हात लावला, गार. उचलणार, तेवढ्यात वाटलं की दोन्ही इतकी गार कशी लागतात? तर माझाच हात भट्टी झालेला. मी मायक्रोमीटर मखमलीत ठेवलं आणि बाकावर जाऊन बसलो. मालक खुणा करतोय, मोज, मोज. साहेबांनी विचारलं, "माप किती मियाँ?"

"माहीत नाय साहेब. मीच तापलोय."

"कधी सांगाल?"

"निवल्यावर."

त्यांनी कड्याकडं बघितलंसुद्धा नाय. तिथंच शिक्का मारला. ‘प्रमाणित फिरता मोजणीकार.’ गयानं ते प्रमाणपत्र खंडोबाच्या फोटोशेजारी लावलं. त्या कागदावर मी रिटायर होईपर्यंत सह्या केल्या. पुढं आणखी अकराजण पास झाले. मग मोठी, आपोआप मोजणारी यंत्रं आली, संघटना मोडली, आणि साहेबांची परीक्षा साहेबांच्या पेटीतच राहिली.

दोन वर्षं झाली, गया गेली. काय दुखणं, कशी गेली, ते मी लिहीत बसणार नाय. घरात माणसंच माणसं. जो येईल तो विचारणार, कसं वाटतंय? थोरला बाळू पुण्याहून आलेला. दहाव्या दिवशीच विषय काढला, दादा, घर काढून टाकू, तुम्ही माझ्याकडं चला, गिऱ्हाईक हाय, काय ते आजच ठरवा. त्याचंही चूक नव्हतं. त्याला सुट्टी नव्हती. मला मात्र हो का नाय, काहीच सुचत नव्हतं.

तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबली. साहेब. ऐंशीच्या पुढं गेलेले, लुना कधीच गेलेली, पेटी मात्र मांडीवर. आत आले. कुणाला नमस्कार नाय, हालहवाल नाय. माझ्यासमोर बसले, माझ्या मनगटाला उलटा हात लावला, डोळे मिटले. मग बाळूला म्हणाले, "याला आत्ता काही विचारायचं नाही मियाँ. तापलंय."

बाळू शिकलेला पोरगा. तो थर्मामीटर शोधायला धावला.

साहेब तासभर बसले आणि गेले. दुसऱ्या दिवशी आले. तेरावं झालं, पाहुणे गेले, घराचं नंतर बघू म्हणून बाळूही गेला. साहेब येतच राहिले. पेटी मांडीवर घेऊन बसायचे.

त्यांच्या वहीत एक तक्ता होता. बीड किती वेळात निवतं, पितळ किती वेळात, ॲल्युमिनियम किती. एक दिवस मीच छातीला हात लावून विचारलं, "साहेब, याचा तक्ता हाय का?"

त्यांनी वही काढली, पण उघडली नाय. "एक जॉब निवायला लावून ठेवलाय," म्हणाले. "कमल नाव होतं. नळदुर्गला. एक वर्षाचा संसार." वर्षातून एकदा गावाला कशाला जायचे ते मला तेव्हा कळलं. तिच्या श्राद्धाच्या तिथीला. ज्या माणसाला आम्ही जन्मभर ब्रह्मचारी समजलो, त्याच्या लग्नाबद्दल मला माझ्या म्हातारपणी कळलं.

"किती वर्षं झाली?"

"साठ बरस."

"मग? निवलं का?"

"रोज सकाळी हात लावून बघतो मियाँ," साहेब म्हणाले. "कोमट आहे अजून."

बारा वाजले होते. मी उठलो आणि आयुष्यात पहिल्यांदा भाकरी थापली. तव्यावर टाकताना मोडली, सांधली, जशी झाली तशी त्यांच्या ताटात घातली. साहेबांनी व्हर्नियर काढलं. दोनदा मोजली.

"मधे साडेसहा, कडेला तीन. नापास मियाँ," म्हणाले.

आणि व्हर्नियर मखमलीत ठेवून, फुंकरसुद्धा न मारता, गरमच खाल्ली. सगळी.