बंद पडलेलं सोनं

सोन्याच्या घड्याळाचं सुख अख्ख्या संगमनेरात माझ्याइतकं कुणालाच कळलेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो! वरून पाणी दिलेलं नव्हे, अस्सल भरीव सोनं. मनगटावर चढवलं की हाताला जो भार येतो ना, त्यानं माझं बीपीसुद्धा उतरतं. आणि एकानं भागत नाही. एक घेतलं की ते कपाटात एकटं पडतं.

म्हणून बेलापूरचा प्लॉट विकून मी तीन घेतली. बायकोला, जयमालाला, सांगितलं की ते पैसे आपल्या अश्विनीच्या लग्नासाठी बँकेत ठेवलेत. आता सोनं म्हणजे ठेवच की! घड्याळांबद्दल तिनं विचारलं तेव्हा म्हणालो, नकली आहेत, बाजारातली.

ही घड्याळं हाताच्या हालचालीवर चालतात. नुसती पडून राहिली की थांबतात. हे मात्र तिला सांगायचं राहून गेलं.

परवा संध्याकाळी कपाट उघडलं, तर घड्याळांच्या जागी माझा स्वेटर. स्वयंपाकघरात नवंकोरं स्टीलचं पातेलं. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बायडाबाई सकाळी येऊन गेली होती.

"साड्यांवर नुसतं पातेलं देत होती," जयमाला म्हणाली. "तुमची ती बंद पडलेली घड्याळं वर टाकली, तेव्हा कुठं झाकण सोडलं तिनं."

झाकण! चप्पल न घालताच बसस्टँडवर पळालो. बायडाबाई पाथर्डीच्या गाडीची वाट बघत बसली होती.

"भंगारात घातली की, सायेब. लई जड हुती. पितळंच्या भावानं गेली."

भंगारवाल्याचा ट्रक दुपारीच माल वितळवायला घेऊन गेला होता. पोलिसांत जावं, तर जयमालाला सगळं कळणार. दोन दिवस मला घास गिळवेना. भात त्याच पातेल्यात शिजत होता, वर तेच झाकण.

नकली घड्याळांसाठी कुणी एवढं झुरतं का, म्हणत आज तिनं बाजारातून तसंच पिवळंधमक घड्याळ आणलं आणि स्वतःच्या हातानं माझ्या मनगटावर बांधलं.

"हे चालू आहे, बघा," ती म्हणाली. "आता उठा. अश्विनीसाठी पाहुण्यांचा होकार आलाय. बँक बंद व्हायच्या आत ती ठेव मोडून आणा."

मी घड्याळात पाहिलं. बँक बंद व्हायला अजून भरपूर वेळ होता.